नट फिरतोय, पण निघत नाही : चाकाचा स्टड आणि त्याची बदली

गेल्या पावसाळ्यात कशेडी घाट उतरून खेडकडे येताना मागचं डावं चाक बसलं. गाडी कडेला घेतली, पुढच्या चाकाला दगड लावला, स्टेपनी काढली आणि पाना लावला. तीन नट निमूट सुटले. चौथाही फिरायला लागला, पण फिरतच राहिला. बाहेर येईना, आवळेना. पाना काढून बोटाने ओढून पाहिला तर नटाबरोबर मधला दांडाही फिरत होता.

नशीब, टायर ट्यूबलेस होता आणि खिळा बाहेरूनच दिसत होता. चाक न काढता तिथेच दोरी घालून हवा भरली, सुटलेले तीन नट पुन्हा आवळले आणि हळूहळू खेडचं गॅरेज गाठलं. मिस्त्रीने बसून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, हा नट कुणीतरी वाकडा चढवलाय. गनने." दोनच आठवड्यांपूर्वी एका टायरच्या दुकानात चाकं अदलाबदल करून घेतली होती. तिथे नट आवळायच्या गनचा घर्रर्र आवाज ऐकून आपलं काम झकास आणि झटपट होतंय असंच मला वाटलं होतं.

तो दांडा म्हणजे स्टड. गाडीत वर्षानुवर्षं बसूनही बहुतेकांना त्याचं नाव माहीत नसतं, कारण दिसतो तो नट. स्टड हा मुळात डोकं असलेला बोल्टच असतो. तो हबमधून, म्हणजे चाक ज्या गोल तबकडीवर बसतं तिच्यातून, मागच्या बाजूने पुढे घातलेला असतो. डोक्यालगतच्या गळ्यावर उभे बारीक दाते असतात. हबमधलं भोक त्या दात्यांच्या बाहेरच्या मापापेक्षा किंचित लहान ठेवतात. त्यामुळे स्टड दाबून आत गेला की दाते लोखंडात रुतून बसतात आणि तो जागच्या जागी फिरू शकत नाही. पुढून आपण फक्त नट फिरवायचा. नट आट्यांवर इतका घट्ट अडकला की दात्यांची पकडच आधी सुटली, तर माझ्या चाकाचं झालं तेच होतं.

फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या युरोपी घराण्यातल्या गाड्यांना स्टड नसतो. तिथे आटे हबमध्येच असतात आणि चाकातून सरळ बोल्ट घालतात. बोल्ट खराब झाला तर नवा आणायचा, काम संपलं. मात्र हबमधले आटे गेले तर खर्च मोठा. मारुती, ह्युंदाई, टोयोटा, होंडा यांच्या गाड्यांत स्टड आणि नट असतात, म्हणून आपल्या रस्त्यांवर स्टडचीच गाऱ्हाणी जास्त ऐकू येतात.

आता थोडं गणित. गाडीचं वजन त्या चार दांड्यांवर टांगलेलं असतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं नसतं. नट आवळला की स्टड ताणला जातो, म्हणजे खरोखर लांब होतो. ताणलेला रबर जसा मागे यायला बघतो, तसा हा पोलादी दांडाही मागे यायला बघतो आणि त्या ओढीने चाक हबवर दाबून धरतो. चाक आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते वजन पेलतं, ब्रेकचा झटका झेलतं आणि वळणावरचा रेटा सोसतं. स्टडचं काम एकच : ती दाब धरून ठेवायची.

ही दाब किती असते? बारा मिलिमीटर जाडीचा स्टड १०० न्यूटन-मीटरच्या पिळाने, कोरड्या आट्यांवर आवळला, तर ओढ साधारण ४० हजार न्यूटनच्या घरात जाते. म्हणजे एका स्टडमागे चार टन, चारांचे मिळून सोळा-सतरा टन, आणि अख्खी गाडी एक टनाची. एवढ्या दाबाखाली चाक हबवर सरकायला वावच उरत नाही.

आणि एवढ्या ओढीखाली स्टड लांब किती होतो? जेमतेम ०.०५ मिलिमीटर, डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. चाक जागेवर राहण्याचं सगळं गुपित या केसभर ताणात आहे. चाक आणि हब यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा, चिखल किंवा नव्याने मारलेल्या रंगाचा जाड थर राहिला, तर चालवता चालवता तो चुरडतो. थर केसभर जरी बसला तरी केसभर ताण संपतो. नट दिसायला जागेवर असतो, पण दाब उडालेली असते. मागचे ब्रेकचे ड्रम हौसेने लाल-पिवळे रंगवून घेणाऱ्यांनी निदान चाक टेकतं ती जागा तरी कोरी ठेवावी.

दाब उडाली की चाक हबवर सूतभर मागेपुढे सरकायला लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो, सरळ होतो, वाकतो. छोट्या गाडीचं चाक एका किलोमीटरला साडेपाचशेच्या वर फेरे घेतं. तार हाताने वाकवून वाकवून तोडतो तसाच स्टडही तुटतो, फक्त वेळ लागतो. असा तुटलेला तुकडा हाती आला तर त्याचं तोंड पाहा. अर्ध्याअधिक भागावर, ओहोटीनंतर वाळूत राहतात तशा वळणदार रेघा दिसतील. भेग रोज थोडी थोडी पुढे सरकत होती, त्याच्या त्या खुणा. उरलेला खडबडीत भाग शेवटच्या दिवशी एका झटक्यात गेलेला असतो. याउलट पान्याने ओढून ओढून तोडलेला स्टड तुटण्याआधी मध्ये बारीक होतो, गूळ ओढल्यासारखा. पहिल्या तऱ्हेचा दोष सैल नटाचा, दुसऱ्याचा अति आवळणाऱ्या हाताचा. बदलण्याआधी हे पाहणं मला बदलण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण मूळ दोष शोधला नाही तर नवा स्टडही त्याच वाटेने जातो.

माझा अनुभव असा की आपल्याकडे सैलपणापेक्षा अति आवळण्याने स्टड जास्त मरतात. गाडीबरोबर मिळणारा पाना फूटभर लांब असतो, आणि तो तेवढाच ठेवण्यामागे हिशेब आहे. फूटभर पान्याच्या टोकाला हाताने पस्तीसेक किलोचा जोर दिला की बरोबर शंभरेक न्यूटन-मीटर होतात, म्हणजे हवे तेवढे. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहिला की दुप्पट. पान्यात दोन फुटी पाइप घालून उभा राहिला तर चौपट. आणि गन? टायरच्या दुकानातली गन तीनशे न्यूटन-मीटरच्या वर सहज जाते आणि आपण किती आवळलं हे तिच्या घोड्यावरच्या बोटाला कळत नाही. एका मर्यादेपर्यंत स्टड रबरासारखा परत येतो. ती ओलांडली की तो ताणलेलाच राहतो, आट्यांचं अंतर बिघडतं आणि पुढच्या वेळी नट अडखळत चढतो.

तेल-ग्रीस लावायचं का, हा प्रश्न हमखास येतो. पान्याला दिलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणण्याच्या कामी येतो, बाकी सगळा घर्षणात जातो. आट्यांना ऑइल फासलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. कंपन्यांनी दिलेले आकडे कोरड्या आट्यांचे असतात. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेने नट गंजून धरतात हे खरं, तरी उपाय तारेच्या ब्रशने आटे साफ करण्याचा. नटाच्या तिरक्या बसण्याच्या जागेला तर तेलाचा स्पर्शही नको.

आता माझ्या स्टडला ज्याने मारलं, ते आटे. आटे मोजताना दोन आकडे लागतात : स्टडची जाडी आणि एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत हे माप १२ आणि १.२५ असतं, ह्युंदाई, होंडा यांच्या नेहमीच्या गाड्यांत १२ आणि १.५. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. मारुतीच्या स्टडवर ह्युंदाईचा नट हाताने दोनेक फेरे छान जातो आणि अडतो. हात तिथे थांबतो, गन थांबत नाही. ती पुढचे सगळे आटे सोलत नट आत घालते. दुकानात पाच गाड्यांचे नट एकाच डब्यात पडलेले असले की हे व्हायला किती वेळ लागणार? माप बरोबर असूनही नट तिरका धरला तरी परिणाम तोच. म्हणून नट नेहमी आधी बोटांनी पूर्ण चढवायचा आणि पाना शेवटी लावायचा. बोटांनी चार-पाच फेरे सुखाने गेलेला नट सहसा धोका देत नाही.

नटाचं आणखी एक अंग म्हणजे त्याचं बूड. बहुतेक नटांचं बूड शंकूसारखं तिरकं असतं आणि चाकाच्या भोकात नेमकं बसून चाक मधोमध आणतं. होंडाच्या नटांचं बूड गोलाकार असतं. गोल बुडाचा नट तिरक्या भोकात एका कडेवरच टेकतो आणि थोड्याच दिवसांत सैल होतो. बाहेरून अलॉय चाकं बसवून घेणाऱ्यांनी हे पाहावं, आणि नट किती फेरे चढतो तेही मोजावं. निदान स्टडच्या जाडीएवढी पकड हवी. १.२५ च्या आट्यांवर दहाएक फेरे, १.५ वर आठ. जाड अलॉय आणि वर स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, लावून तीन-चार फेऱ्यांवर चाक पेलणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अशा गाडीच्या मागे मी जात नाही.

खेडला पुढे काय झालं ते सांगतो. अडलेला नट सुटेना, म्हणून चाक निघेना, आणि चाक निघेना म्हणून स्टडच्या डोक्यापर्यंत हात पोचेना. मिस्त्रीने वेगळी वाट काढली. अनेक छोट्या गाड्यांत मागचा ड्रम आणि हब एकाच ओतकामात असतात, बेअरिंगही त्यातच. त्याने चाकाच्या मधल्या भोकातून धुळीची टोपी उडवली, हँडब्रेक सोडला, एक्सलचा मोठा नट काढला आणि चाक व ड्रम जोडीनेच बाहेर ओढले. उलटे केल्यावर स्टडची चारही डोकी समोर. पकडीने धरून पाहिलं, निसटलं. मग बेअरिंगवर फडकं टाकून त्याने खराब स्टडच्या डोक्यावर लोखंडी पट्टीचा तुकडा वेल्डिंगने टाचला. पोराने पट्टी धरली, मिस्त्रीने पुढून नट सोडला. नटाच्या पोटातून चांदीच्या भुशासारखा आट्यांचा चुरा पडला.

चाक निघत असेल तर काम बरंच सोपं आहे. पुढच्या डिस्क ब्रेकच्या बाजूला आधी कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, सोडवायचा आणि तारेने वर टांगायचा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याला लोंबकळत ठेवायचं नाही. मग डिस्क काढायची. ती हबला चिकटलेली असते. अनेक डिस्कना दोन छोटी आट्यांची भोकं असतात, त्यांत बोल्ट आवळत गेलं की डिस्क आपसूक पुढे येते. मग हब फिरवत पाहायचं, कुठल्या ठिकाणी स्टडला मागे निघून जायला मोकळी जागा आहे. काही गाड्यांत अशी एक नेमकी खिंड असते, काहींत ती नसतेच. तिथे हब काढूनच काम करावं लागतं आणि ते घरी करण्यासारखं राहत नाही.

स्टड काढायला सगळे हातोडा उचलतात. ड्रम सुटा करून टेबलावर घेतला असेल तर खुशाल मारा, खाली भक्कम आधार देऊन. हब गाडीवर असताना घणाचे घाव घातले तर प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर पडतो. स्टड निघतो आणि महिन्याभराने चाकातून घूं घूं ऐकू यायला लागतं. त्यापेक्षा स्क्रूचा दाब देणारं सी-क्लॅम्प किंवा बॉल जॉइंट काढायचं हत्यार लावून तो मागे ढकलावा. वेळ लागतो, बेअरिंग वाचतं.

नवा स्टड विकत घेताना जुना बरोबर न्या, पण नुसत्या आट्यांवर जाऊ नका. गळ्यावरच्या दात्यांची जाडी आणि लांबीही जुळली पाहिजे. दाते बारीक असले तर स्टड हबमध्ये फिरेल, जाड असले तर हबला चीर जाईल. पार्ट नंबर पाहून अस्सल घेणं सगळ्यांत बरं, तशीही त्याची किंमत किरकोळ असते. हार्डवेअरच्या दुकानातला त्याच मापाचा बोल्ट इथे चालत नाही. तुटलेल्या तुकड्याला वेल्डिंग करून देणारे रस्त्याकडेला भेटतात, त्यांना हात जोडावेत. स्टडची ताकद पोलादाला दिलेल्या पाण्यात असते आणि वेल्डिंगच्या आचेने ते पाणी उतरतं.

बसवणं मात्र पाहण्यासारखं. स्टड मागून भोकात घालायचा, जुन्या दात्यांच्या खाचा उमटलेल्या असतील तर नवे दाते त्यांत जुळवायचे. पुढून चार-पाच जाड वॉशर घालायचे, त्यांच्यामध्ये थोडं ग्रीस चोळायचं. इथे चालतं, कारण हे वॉशर नंतर काढायचेच असतात. वर एक जुना नट उलटा, सपाट बाजू वॉशरकडे करून लावायचा आणि सावकाश आवळायचा. नट स्टडला पुढे ओढत नेतो, दाते करकरत आत रुततात. अचानक पाना जड होतो, तेव्हा डोकं हबला टेकलेलं असतं. मागे बोट फिरवून पाहा, डोक्याखाली नखसुद्धा शिरता कामा नये. फट राहिली तर पहिल्या हजार किलोमीटरांत स्टड हळूच पुढे सरकेल आणि नट सैल पडेल. हातोड्याने ठोकून बसवलेल्या स्टडचं बहुधा हेच होतं. ओढायला वापरलेला नट पुन्हा चाकाला लावू नका, त्याचे आटे थकलेले असतात.

किती स्टड बदलायचे? माझ्यासारखा एकाचाच नट वाकडा चढला असेल तर एक पुरे, असं पुस्तकी उत्तर. एक तुटला असेल तर गोष्ट वेगळी. तो तुटेपर्यंत आणि तुटल्यावरही त्याचा भार शेजाऱ्यांनी वाहिलेला असतो, त्यांच्यातही न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. त्या चाकाचे सगळे बदलावेत. मी खेडला चारही बदलले. ड्रम उघडाच होता आणि त्याच गनने बाकीच्या तिघांवरही हात फिरवलेला होता. एक्सलचा नटही नवा घातला. तो चेपून अडकवायच्या जातीचा होता, असा नट एकदाच वापरायचा असतो.

चार स्टडांच्या गाडीचा एक गेला तर जवळच्या गॅरेजपर्यंत तीस-चाळीसच्या वेगाने जाता येतं, बाकीचे तीन नीट आवळलेले असतील तर. हायवेला लागायचं नाही. टाटा नॅनोला मुळात तीनच नट होते. तिथे एक गेला की गाडी जागची हलवू नये, टोइंगला फोन करावा.

चाक परत लावताना हब आणि चाकाची टेकण्याची जागा ब्रशने घासायची, नट बोटांनी चढवायचे, मग समोरासमोरच्या जोडीने थोडं थोडं आवळायचं. ओळीने एकामागून एक आवळलं तर चाक तिरकं बसतं. गाडी जॅकवरून खाली घेऊन शेवटचा जोर द्यायचा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर. किती पीळ दिला ते सांगणारा टॉर्क पाना असला तर उत्तम, नसला तर फूटभर पाना आणि एका हाताचा जोर. आणि जुनी विलिज जीप कुणाकडे असलीच, तर डाव्या चाकांवर पाना उलटा फिरवायचा. तिथे आटे मुद्दाम उलटे ठेवले होते, चाक फिरता फिरता नट सैल पडू नये म्हणून. ते माहीत नसल्याने नट सोडवतोय असं समजून जिवाच्या आकांताने आवळणारी माणसं मी पाहिली आहेत.

नव्या स्टडचे दाते आणि नटाची बैठक जरा रुळते, म्हणून पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. खेडहून निघालो, चिपळूण मागे टाकलं आणि संगमेश्वरला चहाला थांबलो तेव्हा डिकीतला पाना काढला. दोन नट जेमतेम सूतभर फिरले, दोन जागचे हलले नाहीत. चहा येईपर्यंत चौघांवर खडूने रेघ मारून ठेवली.